शिशाचं घोडदळ

आमच्या कचेरीतले जमादार कुठल्याही प्रश्नाला लगेच उत्तर देत नसत. आधी उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं हवेतच दाबून पाहत, आंबा चाचपावा तशी, आणि मग म्हणत, "पाडाले येऊ द्या, बाबूसाहेब." चहा कधी येणार असं विचारलं तरी हेच, रजेचा अर्ज साहेबांपुढे कधी ठेवू असं विचारलं तरी हेच. साहेब दौऱ्यावरून तणतणत आले की जमादार त्यांच्या दाराशी उभे राहून आम्हाला लांबूनच बोटं दाबून दाखवत. म्हणजे साहेब अजून कच्चे आहेत, आत शिरू नका.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. साहेब येतात नि जातात, कारकुनांच्या बदल्या होतात, पण दाराशी स्टुलावर बसलेला माणूस तोच राहतो आणि खरी कचेरी त्याच्या डोक्यात असते. जमादारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एकदा कानावर पडलेला मजकूर ते विसरत नसत. साहेबांनी तीन महिन्यांपूर्वी नक्की काय फर्मावलं होतं यावर दोन कारकुनांत जुंपली की जमादारांना आत बोलावलं जाई. ते भिंतीकडे बघत साहेबांचं वाक्य जसंच्या तसं, साहेबांच्या खोकल्यासकट म्हणून दाखवत. वाद मिटे.

मी तेव्हा बुलढाण्याला बारनिशीत होतो. बारनिशी म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या टपालाची नोंद. दिवसाला शंभर-दीडशे कागद टेबलावर पडत. पत्राचं डोकं पाहायचं, खालची सही पाहायची, नंबर टाकायचा आणि पुढच्या टेबलावर ढकलायचं. मधला मजकूर वाचणं हे दुसऱ्याचं काम. या कामात हात इतका बसला की घरून आलेलं पत्रही मी तसंच वाचू लागलो. बायको विचारी, "आईंनी काय लिहिलंय?" मी म्हणे, "बरं आहे सगळं."

जमादार कचेरीमागच्या पट्टेवाल्यांच्या चाळीत राहत. ते आणि त्यांची बायको, दोघंच. एकुलती लेक जानेफळला दिली होती. शेत नाही, घर नाही. थोरल्या भावानं गावचं सगळं कधीच विकून टाकलं होतं, त्यामुळे सरकारी क्वार्टर हेच त्यांचं घर. जमादारीणबाईंना मी मावशी म्हणत असे. बाई तोंडाची फटकळ होती, पण हाताला चव अशी की त्या फटकळपणासकट माणूस तिच्या ओट्यावर जाऊन बसे.

तिथंच एका रविवारी जमादारांनी मला ती पेटी दाखवली. लांबट लाकडी पेटी, आतून विटका लाल कागद. त्यात दोऱ्यानं पुठ्ठ्याला बांधलेलं शिशाचं सैन्य. बारा फेटेवाले भालाईत घोड्यावर, सहा खेचरं, त्यांतल्या चारांच्या पाठीवर सुटी केलेली तोफ लादलेली, आणि दुर्बीण घेतलेला एक गोरा अंमलदार. प्रत्येक जण बोटाएवढा. एका स्वाराचा भाला मोडला होता, तिथं जमादारांनी खराट्याची काडी बसवली होती. रंग ठिकठिकाणी उडालेला, पण फेट्याची घडी नि घडी दिसत होती, खेचरांच्या पोटाखालचे पट्टेसुद्धा. मी चाळिशीकडे झुकलेला माणूस, पण तो अंमलदार हातात घेऊन किती वेळ बसलो ते मलाच कळलं नाही.

"विलायतेचे हायेत," जमादार म्हणाले. "मी जवानीत बंगल्यावर पट्टेवाला होतो, तिथल्या गोऱ्या साहेबाचे. साहेब ऐतवारी जेवाच्या टेबलावर लढाई मांडे. एका बाजूनं थो, दुसऱ्या बाजूनं मी. मायं काम काय, तं हारनं."

"नेहमी?"

"नेहमी. एकदा चुकून मी जिकून राह्यलो होतो. तं साहेब खिडकीकडं पाहून म्हने, पानी आलं, डाव बंद. अन् बाहेर निरं ऊन पडेल होतं."

साहेब कायमचा मायदेशी निघाला तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, दिवे, कपबशा लोकांनी हौसेनं घेतल्या. पेटीला कोणी बोली लावेना. जमादारांनी दीड रुपयाला ती उचलली. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "इतकी सालं हारलो होतो, बाबूसाहेब. वाटलं, आता तरी आपल्या बाजूनं घ्यावे." मावशी आतून म्हणाली, "त्या दीड रुपयात एक पातेलं येत होतं."

महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. कचेरीतल्या जुन्या फर्निचरचा लिलाव निघाला आणि मुंबईहून जुन्या चिजांचा एक व्यापारी आला. सभ्य, सावकाश बोलणारा गृहस्थ, मराठीत हिंदी मिसळून बोलायचा. दुपारच्या सुट्टीत जमादारांनी त्याला गाठलं आणि विचारलं, "साहेब, जुने घोडेबी घेता का?" तो घाबरलाच. त्याला वाटलं, सरकारी तबेलाही विकायला काढलाय. मग मागच्या चाळीतून मावशी पेटी घेऊन आली. त्यानं खिशातून भिंग काढलं, एकेका स्वाराला पोटाखालून पाहिलं आणि म्हणाला, पन्नास रुपये देतो.

पन्नास! मावशी लगेच म्हणाली, देऊन टाका. मीही म्हणालो. जमादारांनी बोटं दाबून पाहिली आणि व्यापाऱ्यालाच उलट कारण विचारलं, याले पन्नास काऊन?

व्यापाऱ्यानं सरळ सांगितलं, हे त्याचं भलेपण. तिकडच्या कारखान्यानं शिशाचे सैनिक बनवणं बंद केलंय. शिसं लहान मुलांना विषारी म्हणून. आता सगळे प्लास्टिकचे निघतात. म्हणजे शिशाचे जेवढे जगात आहेत तेवढेच, त्यांतही दरवर्षी काही हरवतात, काही तुटतात, काही वितळवले जातात. मोठमोठी माणसं ते जमवायला लागली आहेत.

हे जमादारांना एका झटक्यात समजलं. आम्हा शिकलेल्यांना समजायला वेळ लागला. ते म्हणाले, "म्हनजे बीज बंद झालं." आणि संध्याकाळी टपालाच्या पिशव्या उचलताना मला म्हणाले, "बैल दर साली म्हातारा होते अन् त्याचा भाव उतरते. हे जनावर दर साली म्हातारं होते अन् भाव चढते. असं जनावर पाह्यलं होतं का तुमी?"

नव्हतं पाहिलं.

दुसऱ्या वर्षी पत्र आलं, दीडशे. टाइप केलेलं, इंग्रजीत, माझ्या टेबलाच्या पत्त्यावर, कारण वाचणारा मी. पुढच्या वर्षी चारशे. मग साडेआठशे. पत्र आलं की जमादार स्टूल ओढून समोर बसत, हात मांडीवर ठेवून, कथेला बसल्यासारखे. मी मराठी करून सांगे. ते डोळे मिटून ऐकत आणि मागच्या पत्रात काय होतं ते मलाच सांगत. "मांगच्या पत्रात थो म्हने तुटेल-फुटेल चालते. या खेपी तुटेलचं काई नाई लिव्हलं?" मग उत्तर सांगत, "लिवा, अजून पाडाले आलं नाई." मी इंग्रजीत लिहायचो, की मालक विचार करीत आहेत.

कचेरीत याची थट्टा चाले. जमादारांना कोणी 'सेनापती' म्हणे, कोणी 'लखपती'. बांधकाम खात्यातला एक ओव्हरसीअर चहाच्या टपरीवर म्हणाला, की शिशाच्या घोड्याला साडेआठशे देणारा एकतर वेडा असेल नाहीतर चोर. जमादारांनी ऐकून घेतलं. मला म्हणाले, "यायच्या घरी सोनं आहे न, त्याचा भाव यायले समजते. मायाकडं हेच हाय."

भाव वाढत होता तसा आणखी एक दिवस जवळ येत होता, तो रिटायर होण्याचा. रिटायर झालं की क्वार्टर सोडायचं. चिखली रस्त्याला एका म्हाताऱ्या तलाठ्याचा तुकडा होता, दोन खोल्यांपुरता. अठराशेला देतो म्हणत होता, पण दिवाळीपर्यंतच; पुढे दुसरं गिऱ्हाईक होतं. विटा-मातीचं नंतर पाहू, आधी जागा तर आपली होऊ दे, असा जमादारांचा हिशेब. एका रविवारी दोघांनी मला तिथं नेलं. जमिनीत चार खुंट्या, त्यांना सुतळी. मावशीनं एका कोपऱ्यात तीन दगड मांडले आणि म्हणाली, "इथं चूल. सरकारचा धूर तीस साल खाल्ला, आता आपला खाऊ." आणि खरोखरच त्या उघड्या माळावर, सुतळीच्या आत, ती दोन-चार पावलं दारातून गेल्यासारखी वाकून गेली. आम्ही हसलो. ती हसली नाही.

त्या वर्षी पोळा झाल्यावर पंधरा दिवसांनी पत्र आलं.

आता जे सांगतो ते नीट सांगितलं पाहिजे. पाच वाजत आले होते. टेबलावर टपाल पडलं होतं. जमादार स्टूल ओढून बसले. मी पाकीट फोडलं आणि पहिल्याच परिच्छेदात आकडा दिसला, दोन हजार. त्या काळी तो माझा जवळजवळ दहा महिन्यांचा पगार होता. मी मॅट्रिक झालेला, टाइपिंगची परीक्षा पास झालेला, वीस वर्षं फाइलींची धूळ खाल्लेला कारकून. माझ्या घरात दोन हजार रुपये कधी एका जागी आले नव्हते. आणि हा माणूस, ज्याला सहीही येत नव्हती, तो डोळे मिटून माझ्यासमोर बसला होता. मला हेवा वाटला. हे मी आजपर्यंत कोणापुढे बोललो नाही, पण वाटला, आणि चांगलाच वाटला.

मी आकडा सांगितला. तारीख सांगितली, दसऱ्यानंतरचा सोमवार. मग माझी नजर सरळ सहीवर गेली.

जमादारांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "बाकी काय लिव्हलंय?"

"बाकी काही नाही," मी म्हणालो. "नमस्कार-चमत्कार."

पत्राची घडी करून मी खणात टाकली. मधला परिच्छेद मी मुद्दाम गाळला असं नाही. वाचायचं ठरवलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं, एवढंच सांगू शकतो.

"हाव म्हना त्याले," जमादार म्हणाले. "पाडाले आलं."

दसऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मी सीताफळं घेऊन चाळीत गेलो. ओट्यावर पाट मांडला होता आणि पाटावर उन्हात घोडदळ वाळत होतं. एकदम नवंकोरं. फेटे लालभडक, घोडे काळे कुळकुळीत, खेचरं पिवळी, भाल्यांची टोकं चांदीच्या रंगाची. मावशीचा भाऊ अमडापूरला शेती करायचा. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला रंग त्यानं डब्यांतून दिला होता. जमादार चष्मा लावून, काडीला कापूस गुंडाळून गोऱ्या अंमलदाराच्या मिशा काढत होते.

"मीनंच म्हटलं," मावशी म्हणाली. "अमडापूरच्या बजारात गोऱ्हा उभा करायचा तरी धुऊन-पुसून, शिंगं रंगवून नेतेत. दोन हजाराचं जनावर अन् असं मळकट दाखवता का?"

"सात दिस लागले," जमादार म्हणाले. "कसे दिसतेत, बाबूसाहेब?"

"वा!" मी म्हणालो. "कालच कारखान्यातून आल्यासारखे."

मी मनापासून म्हणालो होतो.

सोमवारी व्यापारी मलकापूरला गाडीतून उतरून एसटीनं घाट चढून आला. दुपारची सुट्टी होती. जमादारांनी धुतलेला युनिफॉर्म घातला होता, छातीवरच्या पट्ट्याचा पितळी बिल्ला घासून चकचकीत केला होता. खांद्यावर पांढरा टॉवेल. जनावरांच्या बाजारात सौदा करताना टॉवेलाखाली हात धरून बोटांनी भाव सांगतात, तो टॉवेल. व्यापाऱ्याशी बोलणं पत्रातच ठरलं होतं, पण जमादार म्हणाले, "रीत ते रीत. शंभर-पन्नास वर सरकले तं सरकले." त्यांनी पेटी माझ्या टेबलावर ठेवली, उजव्या हातावर टॉवेल पसरला आणि झाकण उघडलं.

व्यापारी पाहतच राहिला. भिंग खिशातच राहिलं.

"हे कोणी केलं?"

"मीनंच. सात दिस लागले."

तो खुर्चीत बसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. एक घोडा उचलून त्यानं नखानं जरा खरवडून पाहिलं आणि परत ठेवला. मग म्हणाला, "बाबा, मी पत्रात लिहिलं होतं ना. पुसायचं नाही, धुवायचं नाही, आणि रंग तर बिलकुल लावायचा नाही. तुटलेलं चालतं. जुना रंग हीच तर त्याची किंमत. आता हे..." त्यानं हात पसरले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "यांना पत्रं तुम्हीच वाचून दाखवता ना?"

मी जमादारांकडे पाहिलं. तेही माझ्याकडे पाहत होते. फार वेळ नाही, एखादी फाइल कोणत्या कपाटातली ते आठवायला लागतो तेवढाच. ज्या माणसाला पाच वर्षांतली सगळी पत्रं तोंडपाठ होती, त्याला मी न वाचलेली ओळ कळायला तेवढा वेळ पुष्कळ होता.

"हाव, यायनंच वाचून दाखोलं," जमादार व्यापाऱ्याला म्हणाले. "बराबर सांगतलं होतं यायनं. मायाच ध्यानातून गेलं."

त्यांचा हात अजून टॉवेलाखालीच होता.

व्यापाऱ्यानं खेळणं म्हणून चाळीस रुपये देऊ केले. त्याला वाईट वाटलं होतं. जमादार "नाई" म्हणाले आणि त्यांनी झाकण लावलं. तो गेल्यावर मी कसाबसा म्हणालो, "जमादार..." त्यांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. "च्या आनू का, बाबूसाहेब?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता ते गेले.

खणातून पत्र काढून मी वाचलं. मधल्या परिच्छेदात दोन ओळी होत्या, त्यांच्याखाली टाइपरायटरनं रेघ मारलेली होती. टपालात मी रोज असल्या शंभर रेघा ओलांडत होतो.

त्याच दिवशी साहेबांसमोर, सगळ्यांसमोर, निदान चाळीत जाऊन मावशीसमोर तरी मी खरं सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मग का नाही सांगितलं? पहिल्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, की जमादारांनी घरीही तेच सांगितलंय. मग मला वाटलं, आता सांगितलं तर ते खोटे पडतील. माणसाला आपल्या भित्रेपणासाठी असली सोयीची कारणं बसल्या जागी सुचतात. दिवाळी आली, तलाठ्यानं तुकडा दुसऱ्याला दिला.

मार्चअखेर जमादार रिटायर झाले. कचेरीनं हार घातला, छत्री दिली. हेडक्लार्कनं भाषणात त्यांच्या स्मरणशक्तीचं कौतुक केलं. मी टाळ्या वाजवल्या. महिन्याभरानं दोघं बैलगाडीत सामान घालून अमडापूरला मावशीच्या भावाकडे गेली. उतारवयात बायकोच्या भावाच्या दारात जाणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.

मी भेटायला गेलो तो बाजाराचा दिवस होता. गोठ्याला लागून एक खोली त्यांना दिली होती. भाऊ भला माणूस होता, भावजयही वाईट नव्हती. पण मावशी पाणी आणायला गेली ती भावजयीला विचारून गेली, "बाई, हा तांब्या घेऊ न?" चाळीत तिनं कधी कोणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं.

भिंतीतल्या देवळीत पेटी होती. जमादारांनी आपण होऊन दाखवली. रॉकेलनं रंग काढायचा त्यांनी प्रयत्न केला होता. वरच्या रंगाबरोबर खालचाही निघून गेला होता. नुसतं करडं शिसं राहिलं होतं, तोंडं नसलेली माणसं आणि तोंडं नसलेले घोडे.

"बसा, बाबूसाहेब," मावशी म्हणाली. "तुमी तरी सांगा यायले. जलमभर साहेबाच्या खोकल्यापर्यंत ध्यानात ठेवलं, अन् एक आपल्या कामाची गोष्ट इसरले! मी रंगाचं म्हटलं तवा तोंडातून शबुद नाई निघाला का, की अवं, पत्रात नाई म्हनलंय? अन् आता भावाच्या दारात आलो. यायच्या इसरन्यापायी."

ती हे पहिल्यांदा बोलत नव्हती, हे तिच्या बोलण्याच्या लयीवरूनच कळत होतं. जात्यावरचं गाणं असावं तसं ते घोटलं गेलं होतं. जमादार खाटेवर बसून सुपारी कातरत होते.

"चुकलं बाप्पा," ते म्हणाले. "माया डोक्यात कई काय शिरते, कई काय निंगते."

"अन् जित्यापनी असंच इसरत राह्यले तं मले इसरून जाल कुठी एखाद्या बजारात."

मी चहाचा घोट घेतला. बोलायचं म्हणूनच मी बुलढाण्याहून आलो होतो. शब्द ओठाशी आले होते. जमादारांनी कातरण्याचं काम थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान अगदी बारीकशी हलवली. नाही. मी उरलेला चहा प्यालो. एसटीपर्यंत ते पोचवायला आले. वाटेत पावसापाण्याचं बोलले, नव्या साहेबांचं विचारलं. स्टँडवर मी त्यांचा हात धरला तेव्हा म्हणाले, "तिले बोलाले कोनी तरी पायजे न, बाबूसाहेब. भावाले बोलता येत नाई, भावजयीले येत नाई. मले बोलते, तं जरा मोकळी होते. बोलू द्या." मग हसून म्हणाले, "मले काय, हारन्याची सवय हाय."

त्यानंतर मी गेलो नाही. माझी मोताळ्याला बदली झाली. जावंसं वाटे, पण ती खोली, ती देवळी आणि मावशीचा तो पाठ झालेला आवाज आठवला की पाय उचलत नसे. कचेरीतल्या कोणाकोणाकडून कळायचं. दोघं आहेत, बरी आहेत, बाई दिवसभर नवऱ्याला बोलते, तो ऐकतो. लोकांना ती हसण्याची गोष्ट झाली होती.

चार वर्षांनी जमादार गेले. उन्हाळ्यात, दोन दिवसांच्या तापानं. मला कळेपर्यंत तेरावं होऊन गेलं होतं.

मी पुढच्याच रविवारी अमडापूरला गेलो. घरची मंडळी शेतात गेली होती. मावशी खोलीच्या उंबऱ्यावर एकटीच बसली होती. कपाळ मोकळं, पदर घट्ट ओढलेला. मला पाहून रडली. मग डोळे पुसून तेच म्हणाली, सवयीनं, पण आवाजात पूर्वीची धार नव्हती.

"लई भोळा मानूस हो. तुमी एवढं वाचून दाखोलं अन् इसरून गेले."

मला ते सहन झालं नाही. मी म्हणालो, "मावशी, मी वाचून दाखवलंच नव्हतं."

मी सगळं सांगितलं. पाच वाजत आले होते ते, दोन हजाराचा आकडा, माझा हेवा, मधल्या दोन ओळी, आणि माझं नाव वाचवायला जमादार काय बोलले ते. सांगताना मला बरं वाटत होतं. छातीवरचं ओझं उतरत होतं. हे बरं वाटणंच वाईट होतं, पण तेव्हा ते कळलं नाही.

"म्हनजे ते इसरले नव्हते," ती म्हणाली.

"नाही."

"त्यायले ठावं होतं का, तुमी वाचलं नाई म्हनून?"

"ठाऊक होतं."

गोठ्यात बैल शेपटीनं माशा हाकत होता. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल. मी त्यासाठी तयार होतो, किंबहुना त्यासाठीच आलो होतो.

"मी त्यायले चार साल बोलत राह्यली, बाबूसाहेब," ती म्हणाली. "सकाळी उठली का बोलाची. जेवाले वाढता वाढता बोलाची. तापात पडले तवाबी म्हटलं, औषध तरी इसरू नका." तिनं माझ्याकडे पाहिलं. "आदी सांगतलं असतं तं एखांदा दिस तरी मी चूप बसली असती न. आता काऊन सांगतलं?"

ती भिंतीला हात लावून उठली, आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

एसटीला अवकाश होता. मी अंगणातल्या कडुनिंबाखाली उभा राहिलो. थोड्या वेळानं आतून तिचा आवाज येऊ लागला. हळू, खालच्या पट्टीतला, मी तिच्या तोंडून कधीच न ऐकलेला. शब्द कळत नव्हते. मध्येच ती थांबे, कोणी उत्तर देईल म्हणून थांबावं तशी, आणि पुन्हा बोलू लागे. घरात दुसरं कोणी नव्हतं.